रातपाळी आणि रिकामं जातं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मुंबईला रोज पहाटे उठवण्याचं काम माझ्याकडे होतं. हसू नका. सूर्याचं नाव मोठं असेल, पण परळ-लालबागेत सूर्याला विचारतो कोण? तिथे भोंगा वाजला की सकाळ. भोंगा वाजायला वाफ लागते, आणि वाफ व्हायची तर कोणालातरी रातभर बॉयलरच्या तोंडात कोळसा घालत उभं राहावं लागतं. तो कोणीतरी मी. लालबागेतल्या एका गिरणीत मी रातपाळीचा आगवाला होतो. मी एक दिवस भोंग्याची दोरी ओढली नसती, तर साचेवाले, कांडीवाल्या, मुकादम, जॉबर, सगळे आजपर्यंत घोरत पडले असते आणि तुम्ही नेसता ते धोतर विणायचं राहून गेलं असतं.

गंमत पाहा, सगळ्यांना उठवून झालं की मी झोपायला निघायचो. रस्ताभर माणसांचा लोंढा गिरणीकडे येत असायचा आणि त्या लोंढ्यात उलट्या दिशेने भोईवाड्याकडे जाणारा मी एकटा. रोज कोणीतरी खांदा मारून म्हणायचाच, "काय रे घुबडा, चाललास घरट्यात?" मी म्हणायचो, "तुझ्यासाठी वाफ काढून ठेवलीय, जा, गरम आहे तोवर घे." असं बोलून मोठ्या ऐटीत चालायचो खरा, पण गुडघे लटपटत असायचे.

रातपाळीने माझ्या देहाचं काय केलं ते सांगतो, आणि यात वाढवून सांगितलेलं फार थोडं आहे. लग्नात सासऱ्याने दिलेली अंगठी साबण लावूनही निघत नव्हती. दोन पावसाळ्यांनंतर ती दंडात वाकीसारखी चढवता आली असती. डोळे असे लाल की ट्रामचे घोडे मला पाहून जागच्या जागी थबकायचे, त्यांना वाटायचं कोणीतरी लाल दिवा दाखवतोय. पोटाचा तर निराळाच तमाशा. पहाटे पेज प्यायलो की त्याला कळेना ही न्याहारी की रात्रीचं जेवण, आणि संध्याकाळी भात जेवलो की कळेना हे जेवण की न्याहारी. शेवटी वैतागून त्याने दोन्ही परत पाठवायला सुरुवात केली. झोप तर कुठेही यायची, फक्त अंथरुणावर नाही. एकदा न्हाव्यापुढे बसलो आणि अर्धी दाढी होईतो असा गाढ गेलो की उरलेली अर्धी करण्यासाठी बिचाऱ्याला दोन गिऱ्हाइकांच्या मदतीने मला पोत्यासारखं फिरवावं लागलं.

आणि संसार? एका खोलीत दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही नवरा-बायको राहत होतो. आमच्याकडे वाकळ एकच. पहाटे ती उठायची आणि थोड्या वेळाने त्याच उबेत मी शिरायचो. ती वाकळ पाच वर्षं कधी थंड म्हणून झाली नाही, पण तिच्यात एका वेळी माणूस एकच. मी आलो की ती पेजेचं भांडं पुढे करायची, मी ते रिकामं करायचो आणि पडायचो. संध्याकाळी उठलो की तिची चूल, माझी निघायची घाई. आठवड्यात आमचं जेवढं बोलणं व्हायचं तेवढं आमची शेजारीण तिच्या नवऱ्याशी एका भांडणात बोलून घ्यायची.

आमची मुलगी तेव्हा तीनेक वर्षांची. तिला बाप म्हणजे दोन पाय. मी दाराकडे पाय करून पडायचो, डोक्यावरून पांघरूण, त्यामुळे पोरीच्या वाट्याला माझे पायच तेवढे यायचे. माझा उजवा अंगठा तिची बाहुली होता. ती त्याला चिंधीचं लुगडं नेसवायची, नखावर कुंकू लावायची आणि शेजारच्या बोटांशी त्याची लग्नं लावायची. मी अनेकदा नेसत्या अंगठ्यासकट कामाला गेलोय. मुकादम विचारायचा, "हे काय नवीन व्रत?" मी म्हणायचो, "पायाला थंडी वाजते, साहेब."

या सगळ्या पडझडीत घर उभं राहिलं ते माझ्या बायकोमुळे. कोकणातल्या डोंगराखालच्या गावातून ती आली होती, अंगाने शेवग्याच्या शेंगेएवढी, पण तिने माझ्या दिवसाच्या झोपेभोवती जो बंदोबस्त लावला होता तसा कुठल्या किल्ल्यालाही नसेल. चाळीत दिवसा झोपणं म्हणजे बाजारात ध्यानाला बसणं. मसाल्याची मुसळं, कल्हईवाल्याचा भाता, नळावरची भांडणं, आणि पोरं तर पावलोपावली. तिने कोणाशी भांडण केलं नाही, कोणाच्या हातापाया पडली नाही. तिच्याकडे एक जातं होतं. माहेरच्या काळ्या दगडाचं, मऊ दळणारं. असं जातं आख्ख्या चाळीत दुसरं नव्हतं. आमची खोली तळमजल्याची, दारात जागा. तिने कायदा करून टाकला: दिवसा ज्याच्या घरातून आवाज येणार नाही, त्याच्या बाईला पहाटे या जात्यावर दळायला मिळेल. बस्स. आठवड्यात मुसळं संध्याकाळी वाजू लागली आणि कल्हईवाला मागच्या गल्लीत गेला. एक म्हातारा खोकत असे, त्यालाही सुनेने खोकला गिळायला शिकवला, असं म्हणतात.

राहिली कोळीण. ती शिवडीच्या बाजूने डोक्यावर पाटी घेऊन यायची. तिच्या आवाजाचं वर्णन करायचं तर एवढंच सांगतो की ती परळला ओरडली की वडाळ्याच्या मिठागरात मीठ हलायचं. माझ्या बायकोने तिला दारात अडवलं.

"गो बाय, हय ओरडू नको. घोव निजलो हा."

"ऐकलंव का! माजं त्वांडच बांदलंस तर म्हावरं काय मुक्यानं इकू?"

"माज्या दारासून जाताना नुसती बांगडी वाजय. आमका कळता."

"नि बाकीच्या बायकांना?"

"त्यांका मी सांगतंय. तुजी पाटी या चाळीतच रिकामी करतंय, बघ."

आणि केलीच. त्या दिवसापासून ती कोळीण आमच्या गल्लीत तोंड मिटून, लुगड्याचा काष्टा आवळून, मांजरीच्या पावलांनी यायची. पाटीच्या कडेला बांगडी टक् टक् वाजवायची आणि बायका ताटल्या घेऊन बाहेर यायच्या. मुंबईत मुक्याने मासळी विकणारी ती पहिली आणि शेवटची. बरीच वर्षं ती अशी आली आणि गेली. मी तर तिला पाहिलंही नव्हतं.

मग गाठीचा ताप आला. प्लेग म्हणतात तो.

याबद्दल मी फार गंमत करणार नाही, कारण तेव्हाही फारशी कोणाला सुचत नव्हती. उंदीर पडू लागले, मग माणसं पडू लागली. ज्यांना गावं होती ती गावाला पळाली. जे राहिले त्यांच्या दारात तपासणीची टोळी यायची: एक गोरा डॉक्टर, दोन-तीन सोल्जर, एक दुभाषी आणि बायकांना तपासायला एक मराठी दाई. अंगात ताप, डोळे लाल, पाय लटपटते, जीभ जड, काखेत किंवा जांघेत गाठ असं काही सापडलं की माणूस इस्पितळात आणि घरची मंडळी वेगळ्या छावणीत. मागे घराची कौलं काढायची, चुना मारायचा आणि सामान जाळायचं.

आता वरची लक्षणं पुन्हा वाचा आणि माझं वर्णन पुन्हा आठवा. अंग बॉयलरपुढे भाजून तापलेलं, डोळे लाल, पाय लटपटते, आणि झोपेतून उठवल्यावर जीभ तर हलतच नाही. रातपाळीने मला प्लेग न होताच प्लेगचा रोगी करून ठेवलं होतं. त्यात दिवसाढवळ्या पांघरूण घेऊन पडलेला माणूस! सगळ्या मुंबईत तेव्हा दिवसा दोनच प्रकारची माणसं निजलेली असायची, रोगी आणि रातपाळीवाली, आणि टोळीला त्यांतला फरक दिसायचा नाही. बरं, "रातपाळीचा माणूस आहे" असं सांगावं, तर ज्याने त्याने आपला आजारी लपवायला तेच सांगायला सुरुवात केली होती. दुभाषी ते ऐकून ऐकून किटला होता.

माझ्याच बॉयलरवर माझा जोडीदार होता. मोठा गडी, माझ्याहून जास्त जेवायचा आणि माझ्याहून मोठ्याने घोरायचा. भोईवाड्याच्या पलीकडच्या चाळीत राहायचा. टोळी आली तेव्हा तो गाढ झोपेत होता. उचलला आणि नेला. तो परत आला नाही. त्याला प्लेग होता की झोप होती, हे आजतागायत कोणालाच ठाऊक नाही.

त्या दिवसापासून माझ्या बायकोने आणखी एक बंदोबस्त केला. कोळणीला सांगितलं, "टोळी गल्लीत शिरताना दिसली तर आता ओरड. जितक्या जोरात ओरडूक येता तितक्या." कोळीण म्हणाली, "बाय माजे, पाच सालांचा आवाज साटवून ठेवलाय गो. घे म्हन."

आणि नेमकी याच वेळी माझ्या उजव्या काखेत काखमांजरी झाली.

काखमांजरी म्हणजे काखेतलं गळू, आगवाल्यांना व्हायचंच. घाम, कोळशाची धूळ आणि सदरा घासून घासून. एरवी पोटीस बांधायचं, फुटलं की मोकळं. पण त्या वर्षी काखेत गाठ म्हणजे मरणाचं आवताण. ते सुपारीएवढं होतं तेव्हा मी हसण्यावारी नेलं. लिंबाएवढं झालं तेव्हा बायकोने हसणं बंद केलं. नारळाएवढं झालं तेव्हा... बरं, नारळाएवढं नव्हतं, आंब्याच्या कोयीएवढं होतं, पण दुखायचं नारळाएवढं. फावडं उचलताना मी ओठ चावायचो. ती रोज कांदा भाजून, हळद घालून गरम पोटीस बांधायची आणि वर सदरा चढवायची. शेजारणीलाही पत्ता लागू दिला नाही.

"गिरणीत जाव नकात," ती एकदा म्हणाली.

"नाही गेलो तर मुकादम विचारायला माणूस पाठवेल. तो मला निजलेला पाहील."

"मग गावाक जावया."

"धक्क्यावर काख वर करून बघतात आधी. मगच बोटीत घेतात."

ती गप्प झाली. माझी बायको गप्प झाली की मला भीती वाटायची, कारण तेव्हा ती विचार करत असायची.

एक दिवस सकाळी, ऊन चाळीच्या दारात आलेलं, मी मेल्यासारखा पडलेलो, आणि अचानक आभाळ फाटलं.

"पा... पलेट घ्या गोऽऽ! ढोमा घ्या, बोंबील घ्याऽऽ!"

कोळणीने साठवलेला सगळा आवाज एकदम सोडला. कौलावरचे कावळे उडाले ते माहीमला जाऊन बसले असावेत. मी मात्र उठलो नाही. मी खोटं बोलत नाही. मी कूस बदलली. उठवलं ते बायकोने, केस धरून.

"उठा! अवो, टोळी इली! उठा!"

"काय करू?"

"जात्यार बसा."

"मी? जात्यावर?"

"होय, तुमी. हात खुंट्यार ठेवा. तोंड उघडू नकात, जीब अडकता तुमची."

पुरुषाने दळायला बसणं आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. गावाकडे कळलं असतं तर माझ्या धाकट्या भावाचं लग्न जमलं नसतं. पण विचार करायला डोकं जागं कुठे होतं? तिने मला ओढून जात्यापाशी बसवलं, वाकळ गुंडाळून कोपऱ्यात फेकली, स्वतः समोर बसली आणि खुंट्याला माझ्या हाताच्या वर हात लावून जातं ओढलं. पहाटेच्या दळणाचं तांदळाचं पीठ अजून कडेला पडलं होतं. त्यातलं मूठभर उचललं आणि सरळ माझ्या तोंडावर फेकलं.

"अगो, डोळ्यांत गेलं!"

"जाव दे. लाल कशाक झाले ता आता विचारूचे नायत."

मी जो थक्क झालो तो अजून आहे. एका क्षणात बाईने सगळ्याचा बंदोबस्त केला होता: अंग गरम का, तर दळतोय. घाम का, तर दळतोय. डोळे लाल का, तर पीठ गेलं. आणि काखेत गाठ असलेला माणूस जातं ओढूच शकत नाही, हे जगातल्या कोणत्याही डॉक्टरला दिसण्यासारखं. ओढूच शकत नाही हे मात्र खरं होतं. पहिल्या फेऱ्याला माझ्या डोळ्यांपुढे दिवाळी झाली. दुसऱ्या फेऱ्याला मी मेलेल्या सगळ्या पूर्वजांना ओळखलं. तिसऱ्या फेऱ्यापासून लक्षात आलं की जातं तीच फिरवतेय. माझा हात नुसता तिच्या हाताखाली फिरत होता.

टोळी दारात आली. डॉक्टर वाकून आत आला, मागे दुभाषी, दाई दाराशी, सोल्जर बाहेर. आमची पोर भिंतीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मोठे करून ओरडली,

"आये, बाबाक डोळे असत गो!"

बिचारीने प्रथमच पाहिले असावेत. डॉक्टरने दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने सांगितलं की मुलगी म्हणते, बापाला डोळे आहेत. डॉक्टर साहजिकच माझे डोळे बघायला पुढे वाकला. बायकोने जोरात एक फेरा ओढला, पिठाचा लोट उठला आणि साहेब शिंकला. एकदा नव्हे, चांगला रांगेने शिंकला.

दुभाषी ओरडला, "बाई, याचं नाव काय?"

माझी बायको खाली मान घालून दळत राहिली. नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली ती नव्हे.

"नाव सांग, नाहीतर रोगी लपवतेस म्हणून सांगेन!"

"आमच्या गावच्या वरच्या देवळातल्या देवाचा जा नाव," ती म्हणाली, "ताच ह्यांचा."

"कुठला देव?"

"ताच तर नाव."

"अगं, देवाचं तरी नाव घे!"

"घेतला तर ह्यांचा घेतल्यासारखा होता न्हय!"

दुभाष्याने कपाळाला हात लावला आणि साहेबाला समजावू लागला. साहेब म्हणाला, मग त्या माणसालाच विचार. दुभाषी माझ्याकडे वळला. मी तोंड उघडायचं नव्हतं. मी मान हलवून बायकोकडे बोट दाखवलं, म्हणजे जे ती सांगेल ते. बाहेर सोल्जर हसू लागले. दुभाष्यालाही आवरेना. त्याने साहेबाला सांगितलं असावं की या देशात पुरुष कधी दळत नाही, आणि हा बाबा बायकोच्या धाकाने नाव सुद्धा सांगायला घाबरतो. साहेब माझ्याकडे, मग माझ्या पायाकडे पाहू लागला. अंगठ्याला चिंधीचं लुगडं होतं आणि नखावर ताजं कुंकू. मग तर तोही हसला. शिंकत शिंकत हसला.

आणि त्याच क्षणी माझी काखमांजरी फुटली.

ज्याला कधी गळू झालं असेल त्यालाच ते सुख कळेल. इंद्राच्या दरबारात एवढं सुख नसेल. कळ एकदम ओसरली, अंग हलकं झालं आणि माझ्या पिठाने माखलेल्या तोंडावर असं हसू पसरलं की साहेबाने तसं हसू मुंबईभर कोणत्याही रोग्याच्या तोंडावर पाहिलं नसेल. त्याने हात झटकला, काहीतरी म्हणाला आणि बाहेर पडला. दुभाषी जाताना म्हणाला, "साहेब म्हणतो, असली बायको असेल तर आजारी पडायची हिंमत कोणाची होणार!"

दाई मागे राहिली. मध्यम वयाची बाई, नऊवारी, कपाळावर गोंदण. तिने एकदा जात्याकडे पाहिलं, एकदा माझ्या उजव्या बाहीकडे. मग वाकून, पोरीच्या गालाला हात लावल्याचं निमित्त करून, माझ्या बायकोच्या कानाशी म्हणाली,

"पुढच्या खेपेला जात्यात दाणे घाल गं बाई."

आणि गेली.

तेव्हा कुठे आम्हाला कळलं. पहाटेचं दळण संपलं होतं. सगळा वेळ आम्ही रिकामं जातं फिरवत होतो. साहेबाला दगडावर दगड घासल्याचा आवाज आणि दाणे भरडल्याचा आवाज एकच. पण जी बाई जन्मभर पहाटे दळत आली, तिला तो आवाज गल्लीच्या तोंडाशीच कळला असेल. तिने फक्त तोंड उघडायचं होतं. तिने उघडलं नाही.

माझी बायको तिथेच बसून होती. खुंटा तिने अजून सोडला नव्हता. मला वाटलं रडेल. ती उठली, मडक्यातून मूठभर तांदूळ आणले, जात्याला हळद-कुंकू लावलं आणि दाणे घालून एक फेरा ओढला. रिकामं जातं फिरवू नये असं तिची आई सांगायची. घरात अशुभ होतं म्हणे. जात्याची माफी मागून झाल्यावर तिने माझी बाही वर केली, जखम कडुलिंबाच्या पाण्याने धुतली आणि म्हणाली,

"हसणारो माणूस काखेत बघणा नाय. म्हणून बसयलंय तुमका जात्यार."

मी म्हटलं, "आणि मला वाटलं, काख वर करायला लावू नये म्हणून."

"तासुद्धा," ती म्हणाली.

एवढं बोलणं आमचं बऱ्याच महिन्यांत झालं नव्हतं. मी बसल्या जागी जात्यावर डोकं टेकलं आणि झोपलो. तशी झोप मला त्या सबंध नोकरीत दुसऱ्यांदा आली नाही. संध्याकाळी गालावर जात्याच्या टाक्यांची नक्षी घेऊन कामाला गेलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी भोंगा वाजवून, सगळ्या गिरणगावाला उठवून, उलट्या दिशेने घरी आलो. ती दळत होती, रोजच्यासारखी. रोज मी तिच्या बाजूने आत जाऊन पडत असे. त्या दिवशी मी तिच्या समोर बसलो आणि खुंट्याला हात लावला.

"आदी पेज घेवा."

"आधी दळूया."

"लोक काय म्हणतले?"

"तू जातं ओढलंस तेव्हा विचारलंस का मला?"

ती हसली आणि हात सरकवून जागा दिली. जात्याला समोरासमोर बसावं लागतं, तोंडाला तोंड. आणि जातं अशी वस्तू आहे की त्यावर बसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिल्यांदा ती बोलली, पाच वर्षांचं सगळं, पोरीच्या दातांपासून माहेरच्या म्हशीपर्यंत. मी दाणे घालत होतो. ते दळण संपेपर्यंत ऊन चाळीच्या दारात आलं होतं.

चाळीत काय थट्टा झाली असेल ती तुम्हीच समजा. "बायलो!" म्हणायचे. एकाने माझ्यासाठी बांगड्या आणल्या. कोळीण एरवी तोंड मिटून यायची, पण आमच्या दारासमोर थांबून म्हणायची, "भावजी, मसाला पन वाटून द्याल का?" मी म्हणायचो, "तू पाटी उचल आधी, मी मागून आवाज देतो." पुढे पुढे ज्याने बांगड्या आणल्या होत्या त्याची बायको जात्यावर यायची, तेव्हा तोही तिच्यामागे येऊन उगाच दाराशी रेंगाळू लागला. मी त्याला म्हटलं, "बस रे बाबा, लाजतोस काय!"

रातपाळी सुटली ती नंतर, दिवसाचा आगवाला गावाला गेला तेव्हा. डोळे मात्र कधी पुरते पांढरे झाले नाहीत आणि पोटाचं भांडण अजून चालू आहे. कित्येक वर्षं मी रात्री अंथरुणावर टक्क जागा पडायचो आणि बायको शेजारी निजलेली बघायचो. हे मला नवीनच होतं. पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की माझे डोळे मिटायचे, मग ती जातं थांबवून हाक मारायची, "अवो, समोर बसा मगे!" आणि मी उठायचो. गिरणीत भोंगा दुसरा कोणीतरी वाजवायचा. मला उठवायला तो लागला नाही.

आता जिकडेतिकडे पिठाच्या गिरण्या झाल्या. आमचं जातं कोपऱ्यात आहे. नातवंडं येतात, खुंट्याला धरून गरगर फिरवायला बघतात. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत येते, म्हातारी झाली तरी वाऱ्यासारखी येते, आणि आधी मूठभर तांदूळ जात्याच्या तोंडात घालते. मगच म्हणते, "आता फिरवा."